करड्या छटेची कसोटी

दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह जतन केलेल्या आहेत. केंद्राने हा संग्रह १९८९ साली विकत घेतला आणि २०१० साली तेथेच दीनदयाळांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. काचेवरची प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. नीट सांभाळली तर ती शंभर-सव्वाशे वर्षे सहज टिकते. पण निगेटिव्ह काही भिंतीवर टांगता येत नाही. ती कागदावर उतरवावी लागते, आणि आज हे काम बहुतेक ठिकाणी अंधाऱ्या खोलीतली रसायने करत नाहीत. चव्वेचाळीस इंच रुंद कागदाच्या गुंडाळीवर शाईचे थेंब सोडणारे यंत्र करते. असे यंत्र निवडताना संग्रहालये, कलादालने आणि छायाचित्रकार ज्या प्रश्नांत अडकतात, ते प्रश्न विक्रेत्याच्या माहितीपत्रकात जन्मलेले नाहीत. छायाचित्रणाइतकाच जुना असा एक पेच त्यांच्या मुळाशी आहे: प्रतिमा आज कशी दिसते, आणि ती किती काळ तशीच दिसत राहते.

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, मेरठजवळच्या सरधन्याचा. म्हणजे आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या हद्दीतला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला लागले. आराखडे आणि अंदाजपत्रके काढणाऱ्या या माणसाला छायाचित्रणाचा नाद लागला तो इंदुरातच, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्याला उत्तेजन दिले. पुढे व्हाइसरॉयची नेमणूक, निजामाचा दरबार, १८९६ साली मुंबईत काढलेला स्टुडिओ हा सारा प्रवास सुपरिचित आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. त्या काळी प्रत काढण्याची रूढ रीत अशी, की निगेटिव्ह कागदावर दाबून बसवायची आणि चौकट उन्हात ठेवायची. प्रत निगेटिव्हपेक्षा मोठी होत नसे. मोठी प्रत हवी तर मोठी काच, आणि मोठी काच हवी तर तेवढाच मोठा कॅमेरा. दहा बाय बारा इंचांच्या काचा, लाकडी पेटीसारखा कॅमेरा आणि तिपाई बैलगाडीत घालून नेण्यामागे हौस नव्हती, भूमिती होती. ‘मोठा आकार’ हे विशेषण तेव्हा कॅमेऱ्याचे होते. प्रिंटरला ते शंभर वर्षांनी लागले.

कागद असे तो अल्ब्युमिनचा. फ्रान्सच्या ब्लांकार-एव्रार याने १८५० साली तो आणला. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ मिसळून त्याचा थर कागदावर द्यायचा, वाळल्यावर तो सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा, आणि मग ऊन. अशा प्रतीतले चांदीचे कण अतिशय बारीक असतात. त्यामुळे प्रतिमेला उबदार तपकिरी छटा येते, पण त्याच बारीकपणामुळे ते कण हवेतल्या गंधकाला लवकर बळी पडतात. शिवाय बलकातली प्रथिने आणि शर्करा यांची आपसात अभिक्रिया होऊन कागदाचा पांढरा भाग पिवळसर होत जातो. जुन्या संस्थानी आल्बमांतली आकाशे पिवळी दिसतात, ती या कारणाने. त्या दिवशी ढग कसे होते याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ही तक्रार तेव्हाही ऐकू येत होती. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ साली प्रती फिक्या पडण्याच्या कारणांचा शोध घेण्यासाठी खास समिती नेमली; राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिच्या खर्चासाठी पन्नास पौंड दिले. अपुरी धुलाई, कागदात राहून गेलेले हायपो, दमट जागा आणि कोळशाच्या धुराची शहरी हवा यांच्याकडे बोट दाखवले गेले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पोआतव्हँ याने वेगळीच वाट काढली. प्रतिमा चांदीची ठेवायचीच कशाला? जिलेटिनमध्ये काजळी मिसळायची, त्यात डायक्रोमेट घालायचे. जेथे प्रकाश पडेल तेथे जिलेटिन घट्ट होते, बाकीचे कोमट पाण्यात धुऊन जाते, आणि कागदावर राहतो तो शुद्ध कार्बन. इंग्लंडच्या जोसेफ स्वान याने १८६४ साली ही पद्धत व्यवहारात आणली. काजळी उन्हाने विटत नाही आणि गंधकालाही दाद देत नाही. आपल्याकडच्या पोथ्यांतली काजळीची शाई शतकानुशतके काळीच राहिली, ती याच गुणामुळे. तरीही कार्बनची प्रत मागे पडली. ती काढायला वेळ लागे, कसब लागे, आणि गिऱ्हाइकाला आजची प्रत आजच हवी असे. सोय जिंकली, टिकाऊपणा हरला. हाच निकाल पुढे एकदा पुन्हा लागायचा होता.

विसाव्या शतकात विजेचा दिवा आणि अधिक संवेदनशील ब्रोमाइड कागद आल्यावर निगेटिव्ह छोटी आणि प्रत मोठी असा उलटा संसार सुरू झाला. दिल्लीचा वृत्तछायाचित्रणाचा मोठा काळ याच व्यवस्थेवर उभा आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीत आल्या आणि १९७० पर्यंत तेथे काम करत राहिल्या. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा त्यांच्या स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स या कॅमेऱ्यांच्या काळातला. त्यांचे समकालीन कुलवंत रॉय १९८४ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या आदित्य आर्य यांच्याकडे आल्या. त्या दोन दशकांहून अधिक काळ जवळजवळ तशाच पडून होत्या. उघडल्यावर त्यांतून स्वातंत्र्यलढ्याचा आणि नव्या प्रजासत्ताकाचा सलग दृश्य इतिहास बाहेर आला. याच आर्यांच्या पुढाकाराने २०१९ साली गुरुग्रामला ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उभे राहिले. व्यारावालांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि अल्काझी फाउंडेशन यांनी २०१० साली भरवले.

या साऱ्या संग्रहांत एक साम्य आहे: ते बहुतांशी कृष्णधवल आहेत. दिल्लीतील संग्रहासाठी प्रिंटर निवडताना ही बाब निर्णायक ठरते, आणि जाहिरातीत नेमकी तीच झाकली जाते. जाहिरात सांगते की अमुक यंत्रात बारा रंग आहेत. त्या बारांत काळे आणि करडे किती, हे फारसे कोणी विचारत नाही.

त्याकडे वळण्यापूर्वी थेंबाची गोष्ट. नळ किंचित उघडा ठेवला की बारीक धार खाली जाता जाता तुटते आणि तिचे थेंब होतात. धारेवर उठलेल्या लाटेची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त झाली, की पृष्ठताणाला धार टिकवण्यापेक्षा थेंब करणे ‘स्वस्त’ पडते. बेल्जियमच्या प्लातो याने हे दाखवले आणि लॉर्ड रॅले याने १८७८ साली त्याचे गणित मांडले. शाईची धार हव्या त्या क्षणी तोडता येईल, ही शक्यता या गणितात होती. तिचा पहिला उपयोग चित्रांसाठी झाला नाही, हृदयासाठी झाला. स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट याने १९५१ साली शाईच्या सूक्ष्म धारेने विद्युत्‌ संकेत कागदावर नोंदणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. हृदयालेखासाठी ते वापरले गेले. १९५८ साली शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर याच एल्मक्विस्टचा. स्वीडनमध्येच लुंड येथे कार्ल हेल्मुट हर्ट्‌झ याने थेंबांवर विद्युत्‌भार देऊन नको असलेले थेंब बाजूला वळवण्याची पद्धत विकसित केली. एंगे एड्लर यांच्यासह त्याने १९५३ साली ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याचे तंत्रही सुरू केले होते. नोबेल विजेत्या गुस्ताव्ह हर्ट्‌झचा हा मुलगा. आज कलादालनात टांगलेल्या छायाचित्राचे घराणे असे हृदयरोगाच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचते.

हर्ट्‌झच्या पद्धतीवर अमेरिकेतील आयरिस ग्राफिक्स कंपनीने प्रिंटर बनवला. फिरत्या दंडगोलावर कागद गुंडाळायचा आणि चार तोंडांतून सेकंदाला लाखो थेंब सोडायचे. हे यंत्र मासिकांच्या छपाईपूर्वी रंग तपासण्यासाठी होते. त्यावरची प्रत आठवडाभर टिकली तरी काम भागत असे. गायक ग्रॅहम नॅश याने आयरिस ३०४७ हे यंत्र १,२६,००० डॉलरला घेतले, सहकारी मॅक होल्बर्ट याच्यासह त्यात जाड कलाकागद बसेल असे फेरफार केले, आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हे छपाईगृह काढले. प्रती अप्रतिम निघत. ‘इंकजेट’ हा शब्द कलादालनात हलका वाटेल म्हणून तेथील जॅक डुगान याने ‘फवारणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘झिक्ले’ हे नाव काढले. नाव चालले, शाई चालली नाही. ती पाण्यात विरघळणाऱ्या डाय प्रकारची होती, आणि सुरुवातीच्या अनेक प्रती काही वर्षांतच विटल्या. पैसे मोजून घेतलेले चित्र भिंतीवर असतानाच हळूहळू दुसरे चित्र होत जावे, ही गोष्ट संग्राहकांना सहन होण्यासारखी नव्हती. रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर हेन्री विल्हेल्म याचा ग्रंथ १९९३ साली आला तो याच वातावरणात.

दरम्यान दुसरीकडे दोन स्वस्त मार्ग तयार झाले होते. पहिला उष्णतेचा. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली सोल्डरची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. या प्रसंगातून सूक्ष्म बुडबुड्याने थेंब ढकलण्याची कल्पना निघाली, असे कंपनी सांगते. ह्यूलेट-पॅकार्डमध्येही जवळपास त्याच सुमारास हाच शोध स्वतंत्रपणे लागला. दुसरा मार्ग पायझो स्फटिकाचा: विद्युत्‌दाब दिला की स्फटिक वाकतो, शाईची कुपी दाबली जाते आणि थेंब बाहेर पडतो. एप्सनने हा मार्ग धरला. यात शाईला उकळी येत नसल्यामुळे तिच्यात काय मिसळावे याचे स्वातंत्र्य अधिक, आणि पुढच्या घडामोडींत हे स्वातंत्र्य महत्त्वाचे ठरले.

२००० साल या इतिहासातले सर्वांत बोधप्रद वर्ष म्हणता येईल. एप्सनचे ८७० आणि १२७० हे प्रिंटर त्या वर्षी आले. त्यांच्या डाय शाईच्या प्रती प्रकाशाच्या चाचण्यांत आधीच्यांपेक्षा बऱ्याच टिकाऊ ठरल्या होत्या. तरीही काही ग्राहकांच्या घरी चकचकीत कागदावरच्या प्रती थोड्याच दिवसांत नारिंगी होऊ लागल्या. काही घरी असे होत होते, काही घरी अजिबात नाही, आणि अंधारात ठेवलेल्या प्रतीही सुटत नव्हत्या. गुन्हेगार प्रकाश नव्हता. हवेतला ओझोन होता. निळसर शाईतील तांब्याच्या थॅलोसायनिन रेणूतले बंध ओझोन तोडतो. निळा गेला की उरतात किरमिजी आणि पिवळा, म्हणजे नारिंगी. कागदाने या कामात मदत केली होती. शाई चटकन वाळावी म्हणून त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांचा खनिज थर दिलेला होता. ज्या छिद्रांनी शाई शोषली, त्याच छिद्रांतून हवाही आत जात राहिली. जिलेटिनसारखा फुगणारा थर असलेल्या जुन्या पद्धतीच्या कागदावर तीच शाई अधिक टिकत होती. म्हणजे टिकाऊपणा हा शाईचा एकटीचा गुण नव्हता, शाई आणि कागद यांच्या जोडीचा होता. आणि प्रयोगशाळेने प्रकाश मोजला होता, हवा मोजली नव्हती.

दिल्लीच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. जमिनीलगतचा ओझोन गाड्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे आणि सेंद्रिय वाफा यांच्यावर कडक ऊन पडले की तयार होतो. म्हणून दिल्लीत तो हिवाळ्याच्या धुरक्यापेक्षा उन्हाळ्याच्या निरभ्र दुपारी अधिक असतो. देशाच्या २००९ च्या मानकांनुसार आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत सुमारे पन्नास भाग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची यंत्रणा उभारली, तेव्हापासून या वायूचे आकडे आणि अंदाज रोज मिळू लागले. ते फुप्फुसांसाठी आहेत हे उघडच आहे, पण भिंतीवरच्या निळ्या रंगालाही ते तितकेच लागू पडतात. दिल्लीतील सर्वांत मोलाच्या कागदाची व्यवस्था या संदर्भात आठवण्याजोगी आहे. संविधानाच्या हस्तलिखित प्रतींसाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्था यांनी हवाबंद पेट्या तयार केल्या. त्यांत नायट्रोजन असतो, ऑक्सिजन नाममात्र, आणि आर्द्रता ठरावीक पातळीवर राखलेली. छायाचित्राच्या नशिबी बहुधा एक काच आणि एक खिळा.

डाय शाईवरचा उपाय स्वानच्या काळापासून ठाऊक होता: रंग विरघळवू नका, त्याचे कण वापरा. डायचा प्रत्येक रेणू सुटा असतो. रंगद्रव्याच्या कणात हजारो रेणू एकत्र बसलेले असतात आणि ओझोन किंवा प्रकाश यांचा मारा मुख्यतः बाहेरच्या थरावर होतो. एप्सनने २००० सालीच रंगद्रव्याची शाई असलेला स्टायलस फोटो २००० पी आणि मोठ्या आकाराचे ७५००, ९५०० हे प्रिंटर काढले. टिकाऊपणाचा प्रश्न बराचसा सुटला, आणि लगेच दुसरा उभा राहिला. कृष्णधवल प्रत दिव्याखाली ठीक दिसे. तीच खिडकीपाशी नेली की हिरवट.

याला मेटॅमेरिझम म्हणतात. निळा, किरमिजी आणि पिवळा योग्य प्रमाणात मिसळून करडा रंग तयार होतो खरा, पण तो परावर्तित करत असलेल्या प्रकाशाचा आलेख सपाट नसतो. त्यात उंचवटे आणि खळगे असतात. पिवळट दिव्यात लाल भाग जास्त, दिवसाच्या उजेडात निळा जास्त. दिवा बदलला की खळग्यांचा हिशेब बदलतो आणि डोळ्याला छटा दिसू लागते. फुलाच्या लाल रंगात असा फरक पडला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. करड्यात मात्र डोळा किंचितही छटा माफ करत नाही. काजळीचा करडा सर्व तरंगलांबी जवळजवळ सारख्याच शोषतो, म्हणून तो कोणत्याही दिव्याखाली करडाच राहतो. उत्तर साधे होते: करडा रंगांतून मिसळू नका, काळ्याच्याच पातळ शाया ठेवा. अमेरिकेतील जॉन कोन याने याच सुमारास जुन्या प्रिंटरांत केवळ काळ्या-करड्या शाया भरण्याची पद्धत चालू केली. एप्सनच्या २००२ च्या ७६०० आणि ९६०० या यंत्रांत एक फिकी काळी आली. २००५ साली ४८००, ७८०० आणि ९८०० यांत काळी, फिकी काळी आणि अतिफिकी काळी अशा तीन पायऱ्या झाल्या. पुढच्या दोनेक वर्षांत कॅनन आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांचे बारा शायांचे प्रिंटर आले, आणि त्यांतही दोन काळ्या व दोन करड्या होत्या. कार्बनची प्रत पुन्हा आली. या वेळी ती सोयीसह आली.

२००५ हे साल आणखी एका कारणाने नोंदवण्यासारखे आहे. त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल छायाचित्र-कागदाचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि आग्फाफोटो दिवाळखोरीत निघाली. अंधाऱ्या खोलीचा दरवाजा मिटत असताना प्रिंटरला नेमके करडे रंग मिळाले. दिल्लीतील जुने संग्रह उघडले जाऊ लागले तेही याच दशकात. हा योगायोग असेल, पण कृष्णधवल वारसा असलेल्या शहराच्या सोयीचा होता.

तेव्हा आज नोएडात किंवा ओखल्यात छपाईगृह काढू पाहणाऱ्याने काय बघावे? रंगद्रव्याची शाई हे आता गृहीतच धरले जाते. ‘लार्ज फॉर्मॅट’ याच नावाखाली बाजारात फ्लेक्सची यंत्रेही मिळतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक छापणारी ती सॉल्व्हंट शाईची जात वेगळी, ती या कामाची नाही. रुंदीबाबत मोहात पडण्यापूर्वी थोडे गणित करावे. ३५ मिलिमीटर फिल्मची लांब बाजू ३६ मिलिमीटर असते. ती ४४ इंच केली तर वाढ ३१ पट होते आणि फिल्मचा रवा डोळ्यांत भरतो. रोलीफ्लेक्सच्या चौकोनी निगेटिव्हला तीच मजल वीस पटींत गाठता येते. दीनदयाळांच्या बारा इंची काचेला चार पटदेखील लागत नाही. ज्याच्याकडे काचा आहेत त्याने चव्वेचाळीस इंची यंत्र जरूर घ्यावे. ज्याचा सारा संग्रह ३५ मिलिमीटरचा, त्याचे चोवीस इंचांत बहुधा भागते, आणि उरलेले पैसे चांगल्या स्कॅनिंगवर घालवणे शहाणपणाचे.

काळ्याचा प्रश्न येथेही सुटत नाही. सुती, खरखरीत कागदावर गडद काळा पडलेल्या प्रकाशाचा साधारण चाळिसावा भाग परत पाठवतो. बरायटा किंवा चकचकीत कागदावर तो दोनशेवा भाग किंवा त्याहूनही कमी. दोन्ही कागदांना वेगळी काळी शाई लागते. कित्येक यंत्रांत या दोन काळ्यांना छपाईशीर्षात एकच वाट दिलेली होती. कागद बदलला की आधीची शाई वाया घालवून नलिका धुवाव्या लागत. रोज दोन्ही कागद वापरणाऱ्या छपाईगृहासाठी स्वतंत्र वाटा असलेले यंत्र महाग असूनही स्वस्त पडते.

मग उरते दिल्लीची हवा. साडेतीन पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे १९ मायक्रोमीटर भरतो. ज्या धूलिकणांना ‘पीएम १०’ म्हणतात ते या थेंबाच्या निम्म्या जाडीचे असू शकतात. मे महिन्यात लू चालू असताना खोलीतील आर्द्रता इतकी खाली जाते, की नोझलच्या तोंडाशी शाईचा पापुद्रा धरतो. ऑगस्टमध्ये सुती कागद ओलावा पिऊन फुगतो आणि छपाईशीर्षाला घासतो. म्हणून यंत्राच्या किमतीत बंद खोली, आर्द्रता राखणारे साधन आणि धुळीची गाळणी यांचा खर्च धरावाच लागतो. उष्णतेवर चालणाऱ्या कॅननच्या यंत्रांत छपाईशीर्ष बदलता येते, तेही ग्राहकालाच. पायझो शीर्ष दीर्घायुषी खरे, पण बिघडले तर तंत्रज्ञ आणि मोठे बिल. महिन्यातून दोनदा चालणाऱ्या यंत्राची बरीच शाई सफाईतच जाते. ज्याचे काम तेवढेच आहे त्याने यंत्र न घेता चांगल्या छपाईगृहाशी नाते जोडावे, हा सल्ला विक्रेत्याकडून मिळण्याची शक्यता कमी.

टिकाऊपणाचे आकडे वाचताना थोडा संशय बाळगावा. विल्हेल्मच्या संस्थेचे अंदाज रोज बारा तास ४५० लक्स प्रकाश, २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरून काढलेले असतात. तीव्र प्रकाशात काही महिने ठेवून पुढच्या शतकाचे भाकीत करणे अशी ती रीत आहे. तिच्यावाचून दुसरी सोय नाही, आणि यंत्रांची तुलना करायला ती उपयोगी पडते. पण दक्षिणमुखी खिडकीच्या समोर लावलेल्या चित्राचे आयुष्य ती सांगत नाही. कागदात चकाकी आणणारी रसायने असतील तर तीही आधी निकामी होतात आणि पांढरा भाग पिवळा पडतो, अल्ब्युमिनच्या आकाशांसारखाच, फक्त वेगळ्या कारणाने.

जाणकार खरेदीदार दुकानात रंगीबेरंगी फुलांचा नमुना छापून घेत नाही. तो पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची करडी पट्टी छापायला लावतो, दिवसभर वाळू देतो, आणि ती घेऊन आधी दुकानातल्या दिव्याखाली, मग दारात उन्हाच्या उजेडात उभा राहतो. कोणत्या पायरीवर छटा फिरली, शेवटच्या तीन पायऱ्या वेगळ्या दिसतात की एकच काळा होतो, एवढे पाहिले जाते. त्याच पट्टीची एक प्रत अंधाऱ्या पाकिटात ठेवतात, दुसरी खिडकीपाशी, आणि काही महिन्यांनी दोन्ही शेजारी मांडतात.

काळजीपूर्वक काम करणारी छपाईगृहे प्रत्येक प्रतीच्या मागे कागदाचे नाव, शाईचा संच, यंत्र आणि तारीख लिहून ठेवतात, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला ती पुन्हा काढायची झाली तर काय बदलले ते कळावे. ही नोंद पेनाने करत नाहीत, कारण पेनची शाई बहुधा डायच असते. मऊ पेन्सिल वापरतात; तिच्यातला ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच.